दुसरी पंगत

आमच्या काळी बेडूक एकतर जिवंत असायचा, नाहीतर मेलेला. आता २०४९ साली त्यात तिसरा प्रकार निघाला आहे, छाया-बेडूक. हा जन्मत नाही, ओरडत नाही, हातात धरला तर हातावर मुतत नाही. पुण्यातल्या संस्थेच्या यंत्रात तो राहतो आणि आपण सांगू तेव्हा गुणी बाळासारखा मरून दाखवतो.

मी चेष्टा करते आहे, पण ते यंत्र कुणा येरागबाळ्याचं काम नाही. त्याचा थोडा भाग मीच तरुणपणी लिहिला आहे. कल्पना साधी. औषध लागू पडतं का हे बघायचं तर एका गटाला औषध द्यावं लागतं आणि अगदी तशाच दुसऱ्या गटाला ते न देता ठेवावं लागतं. हा दुसरा म्हणजे नियंत्रण गट. तो नसेल तर बरा झालेला प्राणी औषधानं बरा झाला की आपला आपणच, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण जीव वाचवायला निघालेल्यांनी निम्मे जीव मुद्दाम तसेच ठेवायचे, हे मनाला खातंच. म्हणून यंत्र आलं. जगभरच्या हजारो आजारी बेडकांच्या नोंदी त्याला शिकवल्या. बेडकाच्या कातडीवरून फिरवलेला कापसाचा बोळा त्याला दिला की ‘औषध दिलं नसतं तर याचं काय झालं असतं’ ते सांगतं. मग काय, औषध सगळ्यांना द्यायचं आणि न दिलेला गट यंत्रात मरू द्यायचा. हात कसे स्वच्छ. दहा वर्षांत खरा नियंत्रण गट ठेवणारी प्रयोगशाळा शोधून सापडेना.

मी एकसष्टाव्या वर्षी तो पुन्हा ठेवला. ठोक्यासाठी.

ठोक्या हा आमच्या वेळकुड्याच्या सड्यावरचा, म्हणजे गावामागच्या उघड्या कातळाच्या पठारावरचा बेडूक. अंगठ्याच्या पेराएवढा, जांभ्या दगडाच्या रंगाचा. जगात दुसरीकडे कुठेही नाही. तांब्याच्या हंड्यावर कुणी हलक्या हातानं ठोके द्यावेत तसा त्याचा आवाज. श्रावणात आम्ही शाळेतून परतायचो तेव्हा सडाभर हे ठोके चालू असायचे. मी आणि माझी मैत्रीण सुगंधा गावडे, आम्ही एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचो, इतका तो गलका. पायाखाली कुणी चिरडू नये म्हणून सडा लागला की सगळ्यांनी चपला हातात घ्यायच्या आणि पावलं चाचपत टाकायची, अशी गावाची रीत होती. यंदा जूनमध्ये मी त्याच सड्यावरून चपला घालून तरातरा चालत गेले. वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही. घरी येऊन मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं.

रोग तीन वर्षांपूर्वी आला. ती एक बुरशी आहे. बेडूक कातडीनं पाणी पितो, थोडा श्वासही कातडीनंच घेतो, अंगातल्या क्षारांचा हिशेबही कातडीच सांभाळते. बुरशी त्या कातडीत शिरून तिला जाड, मुर्दाड करून टाकते. क्षार कमी पडत जातात आणि एक दिवस हृदय थांबतं. जुनी औषधं या नव्या बुरशीपुढे हात टेकून बसली होती. आशा एकच होती. सड्याच्या एका कोंडीत, म्हणजे कातळातल्या पाण्याच्या खळग्यात, काही ठोक्ये तग धरून होते आणि त्यांच्या कातडीवर एक जांभळट जिवाणू सापडला, जो बुरशीला वाढू देत नव्हता. तो आम्ही वाढवला, पाण्यात मिसळला आणि आजारी बेडकाच्या अंगावर ते पाणी सोडायचं, असा उपचार ठरवला.

तो लागू पडतो का, हे सप्टेंबरच्या आत कळायला हवं होतं. आमच्याकडे अंड्यांपासून वाढवलेली ठोक्याची चारशे निरोगी पिल्लं होती. उपचार खरा असेल तर त्यांना ते पाणी लावून, सड्यावरची डबकी आटायच्या आत सोडायचं. खोटा असेल तर पुण्याच्या थंड खोल्यांत पाठवायचं, कायमचं. आमच्या पत्र्याच्या शेडमधला उन्हाळा त्यांना झेपत नाही. आणि एकदा सड्यावर सोडलेली पिल्लं परत गोळा करता येत नाहीत.

संस्थेचा तरुण संचालक मिहीर बापट म्हणाला, “मॅडम, छाया वापरा ना. सगळ्यांना औषध मिळेल.”

“तुझ्या छायेनं ठोक्या पाहिलाय का कधी?” मी म्हटलं. “ती शिकली परदेशातल्या थंड तळ्यांतल्या बेडकांवर. हा भर दुपारी तापलेल्या कातळावर बसतो.”

“जबाबदारी तुमची,” तो म्हणाला. या पोरांना हे वाक्य कुठे शिकवतात कोण जाणे.

शेड म्हणजे गावातला बंद पडलेला काजूचा कारखाना. अजून तिथे भाजलेल्या टरफलांचा वास येतो. मदतीला सुगंधा. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. मी पुण्याला गेले, ती गावात राहिली आणि वाढपीण झाली. तिचे वडील तात्या गावडे पंचक्रोशीतल्या लग्नांच्या पंगती सांभाळायचे, त्यांच्यामागून तिनं ते काम घेतलं. हल्ली लग्नात लोक ताटं हातात घेऊन यंत्रापुढे उभे राहतात, त्यामुळे सुगंधाची बादली-पळी माळ्यावर गेली आहे. पण मला आठवतात त्या पंगती. पत्रावळींच्या सरळ ओळी, भाताची मूद, काळ्या वाटाण्याचं सांबार, आणि ओळीतून वाऱ्यासारखी जाणारी सुगंधा. एक थेंब कुणाच्या कपड्यावर पडायचा नाही. अशा हाताचं माणूस मला हवंच होतं. बेडकाला रोज मोजून पळीभर पाणी घालायचं तर त्यात दुसरं काय लागतं?

सड्यावरून आम्ही अठ्ठेचाळीस आजारी ठोक्ये आणले. प्रत्येकाला एक पेटी. पेट्या लांब फळीवर ओळीनं मांडल्या. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून सुगंधानंच त्या काढल्या. ज्याच्या नावे ‘अ’ आली त्याला अ बादलीतलं पाणी, ‘ब’ आली त्याला ब मधलं. एका बादलीत जिवंत जिवाणू, दुसरीत तेच उकळून मारलेले. रंग तोच, वास तोच. कुठली बादली कुठली, हे फक्त मिहीरला माहीत. ते मला किंवा सुगंधाला कळलं असतं तर आमचा हात नकळत एकीकडे झुकला असता, डोळ्यांनी हवं तेच पाहिलं असतं. सहा जुलैला प्रयोग सुरू झाला.

पहिल्या नऊ दिवसांत सहा बेडूक गेले. मग मरणं एकदम थांबली. दोन्ही गटांत. एकवीस जुलैपर्यंत एकही नाही.

मी वही पुढे घेऊन बसले. रोग काही कॅलेंडर बघून थांबत नाही. औषध चांगलं असेल तर एका गटात थांबेल, वाईट असेल तर दोन्हीत चालू राहील. दोन्हीकडे एकाच दिवशी थांबण्याला एकच कारण असू शकतं. तेवीस तारखेला सकाळी मी सुगंधाला समोर बसवलं.

“सुगंधा, खरा सांग. काय केलंस?”

ती जराही गडबडली नाही. “दोनय बादल्ये एकत्र केलंय. नवव्या दिसापासून.”

“कित्या?”

“माझ्यान बघवला नाय गो. एकाच ओळीत बसलेले. ब वाले मरतत आणि शेजारचो अ वालो टुणटुणीत, ह्या माका दिसता ना! चाळीस वर्सां वाढलंय मी. एका पंगतीत दोन तऱ्हा कधी केलंय नाय.”

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला वाटलं नाही. पंक्तिप्रपंच, एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं, यासारखं पाप आमच्याकडे वाढप्याला नव्हतं. आम्ही दहा वर्षांच्या असताना तिनं एका लग्नात माझ्या पानात एक वडा जास्त टाकला होता. तात्यांनी ते पाहिलं आणि पंगत उठेपर्यंत तिला मांडवाबाहेर उन्हात उभं केलं. मी तो वडा खाल्ला, हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही. हे सगळं ठाऊक असून मी अठ्ठेचाळीस पेट्या एका ओळीत मांडल्या आणि त्या बाईच्या हातात दोन बादल्या दिल्या. चूक तिची की माझी?

पण तेव्हा मी हा विचार केला नाही. तेव्हा मी तिला नको नको ते बोलले. चारशे पिल्लांचा जीव तुझ्या भाबडेपणापायी टांगणीला लागला म्हटलं. अडाणी म्हटलं. बालमैत्रिणीला हा शब्द वापरायला मला एकसष्ट वर्षं लागली. ती चपला घालून निघून गेली.

मिहीरला कळवलं तर तो खूश. “मॅडम, उलट बरंच झालं की! अर्ध्या प्रमाणात का होईना, सगळ्यांनाच औषध मिळालं. जिवाणू काय, अंगावर वाढतातच. आता शेजारी छाया ठेवा. छाया म्हणते अठ्ठेचाळीसपैकी सदतीस मेले असते. मेले सहाच. निकाल तयार!”

“आणि पहिल्या नऊ दिवसांत?”

त्यानं कागद पाहिला. “उकळलेल्या पाण्यावरचे पाच, जिवंतवाल्यातला एक.”

पाच आणि एक. हा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. नाणं सहा वेळा उडवलं तर पाचदा छापा पडतोच की कधी कधी. आणि पुढचं सगळं छायेच्या शब्दावर. मी दोन दिवस त्या निकालाकडे बघत राहिले. सही करायची फक्त. कुणी मला बोल लावला नसता. सुगंधाचीही चूक झाकली गेली असती, तिला सांगता आलं असतं की बाई, तुझ्यामुळेच झालं. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती परसात कुळीथ निवडत होती. मी शेजारी बसून सुपात हात घातला. थोडा वेळ दोघीही निवडत राहिलो.

“अडाणी म्हटलंय, चुकला माझा,” मी म्हटलं.

“अडाणी आसंयच मी,” ती म्हणाली. “पण तू माका आदी कित्या इचारलंस नाय? वाढपी ठेवलंस, आणि पंगत कशी मांडूची ता आपणच ठरवलंस.”

मग मी तिला सगळं नीट सांगितलं, जे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. कुणालातरी औषधाशिवाय ठेवल्यावाचून खरं कळत नाही, आणि खरं कळल्यावाचून चारशे पिल्लांना सड्यावर सोडणं म्हणजे डोळे मिटून विहिरीत टाकणं. ती ऐकत होती. खडे बाजूला काढत होती.

“मगे दोन पंगती कर,” ती म्हणाली. “पयली आणि दुसरी. लग्नात काय सगळेच पयल्या पंगतीक बसतत? दुसरी पंगत थांबता. थांबलेल्यांका पाणी देवचा. पण जेवण तांच, सगळ्यांका. तेका कोण प्रपंच म्हणत नाय.”

माझा हात सुपातच राहिला. पुस्तकात याला नाव आहे, विलंबित उपचार. सगळ्यांना औषध मिळतं, फक्त काहींना उशिरा. थांबण्याच्या दिवसांत दुसरा गट हाच नियंत्रण गट. मी हे तीस वर्षं शिकवलं होतं, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“थांबताना मरतले काय जण,” मी म्हटलं. या वेळी हे तिला आधीच सांगणं भाग होतं.

तिनं आणखी दोन खडे बाजूला टाकले. “मरतले,” ती शेवटी म्हणाली. “पण पाळी सगळ्यांची लागतली. चिठ्ठी टाक. माका चालात.”

सडा आणि खालचा ओहोळ गावानं चार दिवस पालथा घातला. पहिल्या बेचाळीसांच्या अंगावर औषध पोचलंच होतं, म्हणून नवे आजारी ठोक्ये हवे होते; चव्वेचाळीस मिळाले. बाहेर उरले होते ते बहुधा एवढेच. बावीस पहिल्या पंगतीला, बावीस दुसऱ्या, चिठ्ठीनं. पंगती समोरासमोर. खिडकीकडची बाजू जरा गरम, म्हणून रोज सकाळी त्यांनी जागा बदलायच्या. दुसरीला दहा दिवस उकळलेल्या जिवाणूंचं पाणी, अकराव्या दिवशी खरं. कोण किती आजारी हे आमच्या डोळ्यांनी ठरवायचं नाही. बेडूक पाठीवर उताणा करायचा आणि किती सेकंदांत सुलटा होतो ते कॅमेऱ्यानं मोजायचं. चौदा ऑगस्टला सुगंधानं माळ्यावरची तिची जुनी पितळी पळी घासून आणली आणि वाढायला सुरुवात केली.

ते दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. पहिल्या पंगतीत दुसऱ्या दिवशी दोन गेले, मग कुणी नाही. दुसऱ्या पंगतीत एक, मग दोन, मग पुन्हा एक. सुगंधा रोज प्रत्येक पेटीपुढे वाकून ‘जरा कळ काढ हां’ असं काहीतरी पुटपुटायची. मी तिकडे दुर्लक्ष करायचे.

सातव्या दिवशी दुपारी मी एकतीस नंबरच्या पेटीपाशी होते. त्यात मादी होती. पोटाच्या पातळ कातडीतून अंडी दिसत होती, शंभरेक तरी. उताणी केली तर चाळीस सेकंद झाले तरी तिला सुलटं होता येईना. पाय नुसते हलत होते. अंडी घालणारी अशी आता किती उरली असतील? माझ्या मागेच पहिल्या पंगतीची बादली होती. मी पळी बुडवली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात नियंत्रण गट नव्हता, यंत्र नव्हतं, काही नव्हतं. एक पळी. कुणाला कळणार होतं?

मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

“थांब,” सुगंधा म्हणाली. “तिची पाळी नाय हा अजून.”

“अंडी आसत गो तिच्या पोटात.”

“आसांदेत. एकाक उठवन पुढे बसवलंस काय मगे ती पंगत रवली नाय, वशिलो झालो. बाकीच्यांनी काय पाप केल्यानी?”

“सुगंधा, सोड.”

“वाढपी मी आसंय,” ती म्हणाली. तिनं मनगट सोडलं नाही. “पळी ठेव.”

मी पळी ठेवली. तिला मी जे जे बोलले होते ते सगळं माझ्याच कानात वाजत होतं. चाळीस वर्षं विज्ञान केलेली मी, आणि मला आवरायला ही लागली. मी बाहेर जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसले. ती आली नाही, आत वाढत राहिली.

एकतीस नंबरची मादी नवव्या दिवशी सकाळी गेली.

अकराव्या दिवशी सकाळी मी मोजणी केली. पहिल्या पंगतीत बावीसपैकी दोन मेले होते. दुसऱ्या पंगतीत बावीसपैकी दहा. हा फरक नाणं उडवून पडत नाही. औषध खरं होतं. मी मिहीरला फोन लावला.

“छाया दुसऱ्या पंगतीबद्दल काय म्हणत होती?”

“सतरा मरतील,” तो हळूच म्हणाला.

सतरा नव्हे, दहा. ठोक्या त्या परदेशी बेडकांपेक्षा चिवट निघाला होता आणि यंत्राला ते माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणजे आम्ही छायेच्या भरवशावर बसलो असतो तर साध्या, मेलेल्या जिवाणूंच्या पाण्यानंही सात जीव वाचवले असा निकाल निघाला असता. नुसत्या पाण्याला आम्ही औषध म्हटलं असतं, आणि गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे कुणी कुणी तसं म्हटलं असेल कोण जाणे.

“मॅडम,” मिहीर म्हणाला, “तुमच्या नोंदी यंत्राला शिकवू का?”

“शिकव,” मी म्हटलं. “पहिल्या प्रयोगाची चूकही लिही त्यात. माझ्या नावानं.”

फोन ठेवून वळले तर सुगंधा दुसऱ्या पंगतीपुढे जमिनीवर बसली होती. इतके दिवस तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता ती हुंदके देऊन रडत होती. समोर दहा रिकाम्या पेट्या तिनं ओळीतून काढल्या नव्हत्या.

“धा जण उपाशीच उठान गेले गो,” ती म्हणाली. “माझ्या हातसून आजपर्यंत कोण उपाशी उठूक नाय.”

मी तिच्याजवळ बसले. त्या दहा जणांमुळे चारशे सड्यावर जातील, असं काहीसं म्हटलं. खरं होतं ते, पण तेव्हा फार तोकडं वाटलं.

“म्हायत हा माका,” ती म्हणाली. “म्हणानच हात धरलंय ना तुझो.”

मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला. मग पदरानं डोळे पुसून ती उठली, खऱ्या औषधाची बादली घेतली आणि दुसऱ्या पंगतीच्या पहिल्या पेटीपासून वाढायला लागली. रिकामी पेटी आली की ती क्षणभर थांबायची. बाराही जणांना वाढून झाल्यावरच तिनं पळी बादलीत ठेवली.